७८ टक्के नेमके कोणाचे?

देवगडकर :
आमच्या बागायतदारांच्या ग्रुपवर कालपासून एक पोस्ट फिरतेय, "मोदींना ७८ टक्के जगाची पसंती." राहवलं नाही म्हणून लिहितोय. हा आकडा फेब्रुवारी २०२३ चा, मॉर्निंग कन्सल्ट या अमेरिकी कंपनीचा. ती भारतीयांना मोदींबद्दल विचारते आणि मेक्सिकोवाल्यांना त्यांच्या अध्यक्षांबद्दल. इटलीतल्या माणसाला मोदींबद्दल कोणी विचारतच नाही. मग यात जग आलं कुठून? त्यातही मुलाखती ऑनलाइन, आणि भारतातला नमुना फक्त साक्षरांचा. झेला (आंबे उतरवायची जाळीची काठी) घेऊन माझ्या आंब्याच्या कलमांवर चढणाऱ्या गड्यांना हा प्रश्न कधीच यायचा नाही.

गुहागरचा बाळ :
काका, सगळ्यांना मोजपट्टी एकच होती ना? त्याच यादीत मेक्सिकोचे ओब्राडोर ६८, अमेरिकेचे बायडन ४०, ब्रिटनचे सुनक ३०. स्वतःच्या घरात एवढी पसंती दुसऱ्या कोणाला होती ते सांगा. मी ११ वर्षं कुवेतला काढली. आधी 'इंडियन' म्हटलं की पुढे गप्प. नंतर इजिप्शियन टॅक्सीवाला स्वतःहून "मोदी!" म्हणायचा. मला ते पुरेसं आहे.

देवगडकर :
नाव ठाऊक असणं वेगळं, माणूस पटणं वेगळं. बाहेरच्यांना खरंच विचारलं ते प्यू या अमेरिकी संशोधन संस्थेने, २०२३ मध्येच. १२ देशांचा मध्यक, म्हणजे आकडे क्रमाने लावून मधला, काढला तर मोदींवर विश्वास ३७ टक्के, अविश्वास ४०. भारत देशाबद्दल मात्र २३ देशांत ४६ टक्के चांगलं मत, ३४ टक्के वाईट. देश आणि नेता एक धरू नका.

वेंगुर्ल्याची सून :
जगात नाव म्हणताय तर आंब्याचं बोला. २०१४ च्या मे महिन्यात फळमाशीपायी युरोपने आपला आंबा बंद केला, २०१५ उजाडल्यावर उठवला. त्या हंगामात माझ्या सासऱ्यांच्या पेट्या मातीमोल गेल्या. तेव्हा कोणाची लोकप्रियता कामी आली?

गुहागरचा बाळ :
ताई, बंदीचा निर्णय मोदी येण्याआधीचा, उठली त्यांच्या काळात. आणि पेटीवर 'देवगड' छापून आत कर्नाटकचा आंबा भरणारे आपलेच आहेत. त्यांचं काय?

देवगडकर :
आमच्यावर घसरू नका! देवगडात कोणी भरत नाही, भरतात ते बाजारात. २०१८ ला हापूसला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, तरी मुंबईत माझ्यासमोर एका व्यापाऱ्याने भलत्याच फळाला देवगडची चिठ्ठी लावली. विचारलं तर मलाच हुसकावलं. दोन वर्षं झाली, अजून झोंबतंय.

वेंगुर्ल्याची सून :
आणि रत्नागिरीवाले आमच्या वेंगुर्ल्याच्या आंब्याला हापूस म्हणायलाच तयार नाहीत. ते कोणी मोजायचं?

गुहागरचा बाळ :
बरं काका, 'जगाची पसंती' हे शब्द चुकीचे, मान्य. पण त्याच प्यूच्या पाहणीत केनियात ६० टक्के विश्वास ठेवतात. तो आकडा तुम्ही गाळलात.

देवगडकर :
गाळला, खरं आहे. आता ग्रुपवरची ती ओळ तुम्ही बदलून घ्या, त्याखाली केनिया मी लिहितो.