वडिलांची कंबर, २००५ चं नकाराचं पत्र आणि ट्रिब्युनल, आता काही होऊ शकतं का?

ऐरोली_सेक्टर५
नमस्कार मंडळी, विषय वडिलांचा आहे, जरा लांबलचक लिहितोय पण पूर्ण वाचा प्लीज. वडील १९८७ ला सैन्यात भरती झाले, एमटी म्हणजे सैन्याच्या गाड्यांवर ड्रायव्हर, १७ वर्षं नोकरी करून २००४ ला शिपाई म्हणूनच बाहेर पडले कारण लो मेडिकल कॅटेगरी होती, म्हणजे तब्येतीमुळे खालची श्रेणी, त्यामुळे एक्स्टेंशन मिळालं नाही. सर्व्हिस पेन्शन चालू आहे, ते वेळेवर येतं. पण निघताना जे मेडिकल बोर्ड झालं त्यात एल४-एल५ ची, म्हणजे कंबरेच्या मणक्यांमधली, गादी सरकली आहे, डिसॅबिलिटी २० टक्के, कायमची, असं लिहून पुढे लिहिलं की हा त्रास नोकरीमुळे झालेला नाही आणि नोकरीमुळे वाढलेलाही नाही, कारण सुरुवात पीस स्टेशनला, म्हणजे सीमेपासून दूरच्या शांत पोस्टिंगला झाली. मग २००५ ला पत्र आलं की डिसॅबिलिटी पेन्शन नामंजूर, सहा महिन्यांत अपील करू शकता. वडिलांनी अपील केलं नाही. तेव्हा आम्ही दोघं भावंडं शाळेत, गाव साताऱ्याकडचं, सांगणारं कोणी नव्हतं आणि वडिलांचा स्वभाव असा की साहेब लोकांनी लिहिलंय म्हणजे विचार करूनच लिहिलं असेल.

आता ते ५७ वर्षांचे आहेत आणि रबाळे एमआयडीसीत एका कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीला आहेत, १२ तासांची ड्युटी, त्यातले निम्म्याहून जास्त तास उभं राहायचं. घरी आले की आधी जमिनीवर सरळ पडून राहतात, अर्धा तास कोणाशी बोलत नाहीत. गेल्या महिन्यात ऐरोली स्टेशनचा जिना उतरताना मध्येच कठडा धरून उभे राहिले, मी सोबत होतो म्हणून बरं. पट्टा बांधून ड्युटीला जातात. मला हे बघवत नाही हो.

प्रश्न असा की वीस वर्षं झाली, अपील केलेलं नाही, आता कोर्टात जाता येतं का, आणि कोर्ट डॉक्टरांच्या बोर्डाने लिहिलेलं बदलू शकतं का? की उगाच त्यांना आशा लावू? एकाने फोनवर सांगितलं की काम करून देतो, जे एरिअर्स मिळतील त्यातले ३० टक्के द्या. खरं काय ते सांगा.

रिटायर्ड_हवालदार_कळवा
जय हिंद. बेटा, वडिलांना आधी माझा नमस्कार सांग. माझी पण कंबरच आहे आणि माझ्या पण कागदावर तेच लिहिलं होतं, आम्ही त्याला एनएएनए म्हणतो, म्हणजे ना नोकरीमुळे झालं ना नोकरीमुळे वाढलं. मी मुंबईच्या आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनलमध्ये, म्हणजे सैन्याच्या केसेसच्या कोर्टात गेलो, महाराष्ट्र, गुजरात आणि गोवा या तीन राज्यांच्या केसेस तिथे चालतात, आणि माझी केस मंजूर झाली, दोन वर्षांहून जरा जास्त लागले.

तुला एक गोष्ट नीट सांगतो कारण मला ती कोणी सांगितली नव्हती. मी पहिल्या तारखेला कंबरेला पट्टा बांधून, नवीन एमआरआय घेऊन गेलो, वाटलं साहेब विचारतील किती दुखतं. कोणी विचारलं नाही. तिथे तुझी कंबर आज किती दुखते हे तपासत नाहीत, तिथे तेव्हाच्या बोर्डाने काय लिहिलं आणि का लिहिलं हे तपासतात. सगळा खेळ त्या रिलीज मेडिकल बोर्डाच्या कागदाचा, एएफएमएसएफ-१६ म्हणतात त्याला, त्याची पूर्ण कॉपी तुझ्याकडे आहे का? नुसतं नकाराचं पत्र पुरत नाही. नसेल तर रेकॉर्ड ऑफिसला आरटीआय टाक, वडिलांच्या सहीने, आर्मी नंबर, रँक, डिस्चार्जची तारीख घालून, आणि फक्त बोर्डाची कॉपी मागू नको, भरतीच्या वेळचं मेडिकल आणि कॅटेगरी लावली तेव्हाचे सगळे कागद पण माग.

आणि पैशाचं पण सांगतो, लोकांना वाटतं २० टक्क्यांसाठी कशाला एवढी धावपळ. १०० टक्के डिसॅबिलिटीला शेवटच्या पगाराच्या ३० टक्के असा हिशोब आहे, म्हणजे २० ला ६ टक्के झाले. पण राउंडिंगचा नियम आहे, ५० च्या खाली असेल तर ५० धरतात, म्हणजे १५ टक्के. आधी हे फक्त इनव्हॅलिड होऊन, म्हणजे तब्येतीमुळे मध्येच घरी पाठवलेल्यांना देत होते, २०१४ ला सुप्रीम कोर्टाने राम अवतारच्या केसमध्ये टर्म पूर्ण करून आलेल्यांनाही दिलं. माझ्या घरात त्या पैशांनी गोळ्या आणि फिजिओचा खर्च सुटतो, हे छोटं नाही.

घोडबंदरवाला
मी जरा उलटी बाजू सांगतो, राग मानू नका. माझ्या मामांची केस फेटाळली गेली. त्यांची पण कंबर होती, पण त्यांच्या कागदात स्पष्ट होतं की सुट्टीवर असताना गावी मोटरसायकलवरून पडले आणि तिथून दुखणं सुरू झालं, आणि बोर्डाने दोन ओळी लिहून कारण दिलं होतं. नोकरीशी संबंध दाखवताच आला नाही. त्यामुळे यूट्यूबवर जे सांगतात ना की भरतीच्या वेळी फिट होता म्हणजे आपोआप मिळतं, तसं नाहीये. २०१९ ला नरसिंग यादवच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने नाकारलं आहे, तो मानसिक आजार होता, कंबर नव्हती, पण मुद्दा तोच की नियम डोळे झाकून लावता येत नाही, काही आजार भरतीच्या तपासणीत दिसतच नाहीत. मामांनी तीन वर्षं वाट पाहिली आणि नंतर फार खचले, तो काळ आम्ही पाहिलाय. वडिलांना पुढे करण्याआधी कागद बघा एवढंच म्हणणं.

खारघर_वकील
मी वकील आहे, सैन्याच्या पेन्शनच्या केसेस बघते. वरच्या दोघांचंही बरोबर आहे आणि दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी येऊन मिळतात, ते म्हणजे बोर्डाने कारण दिलंय का.

तुमचे वडील २००४ ला बाहेर पडले म्हणून त्यांना १९८२ चे एंटायटलमेंट नियम, म्हणजे ही पेन्शन कोणाला मिळते ते ठरवणारे नियम लागतात. हे महत्त्वाचं आहे कारण २००८ नंतर नियमांची भाषा बदलली आणि सप्टेंबर २०२३ नंतर निघालेल्यांना तर अजून वेगळे नियम आहेत, त्यामुळे दुसऱ्या कोणाची केस जशीच्या तशी स्वतःला लावू नका. १९८२ च्या नियमांत असं आहे की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो नोकरीत झाला असं सहसा धरायचं, आणि तो तपासणीत दिसणं शक्य नव्हतं असं डॉक्टरांचं मत असेल तर त्याची कारणं लिहायला हवीत. सिद्ध करायचा बोजा जवानावर नाही आणि शंकेचा फायदा त्याला. याच नियमांचा अर्थ २०१३ ला धरमवीर सिंगच्या निकालात सुप्रीम कोर्टाने लावला. आणि लो कॅटेगरीत रिलीज झालेला माणूस इनव्हॅलिड झाला असंच धरतात, म्हणून टर्म पूर्ण केली हे आड येत नाही. किमान २० टक्के लागतात, ते तुमच्याकडे आहेत.

आता तुमच्या बोर्डाने कारण काय दिलं, तर पीस स्टेशन. हे कुठे सुरू झालं ते सांगतं, का झालं ते सांगत नाही. शिवाय नोकरीमुळे झालं आणि नोकरीमुळे वाढलं हे दोन वेगळे मुद्दे आहेत, बरेच लोक पहिल्यावरच अडकून बसतात. गादी घसरणं वयाने, शरीराच्या ठेवणीने होतं असं मानलं तरी जड गाडी वर्षानुवर्षं खराब रस्त्यावर चालवून ते वाढलं का, हा प्रश्न उरतोच आणि त्यावर बोर्ड एक शब्द बोललं नसेल तर तिथे तुमची बाजू चांगली होते. म्हणून मला हे सांगा की पीसला येण्याआधी वडील कुठे होते, आणि पहिल्यांदा हॉस्पिटलमध्ये दाखवलं तेव्हाची केस शीट, म्हणजे हॉस्पिटलमधला नोंदीचा कागद आहे का. बोर्डाचा कागद सगळे बघतात, केस शीटमधली हिस्टरीची ओळ कोणी बघत नाही. माणूस पहिल्यांदा डॉक्टरसमोर बसतो तेव्हा पेन्शनचा विचार डोक्यात नसतो, म्हणून तिथे जे लिहिलं जातं त्याला वजन असतं.

उशिराचं सांगते. ट्रिब्युनलला जायची मुदत सहा महिने आहे, पण पेन्शन दर महिन्याला नाकारली जाते म्हणून चूक चालूच आहे असं धरतात, २००८ चा तरसेम सिंगचा निकाल याच विषयावर आहे. फक्त एरिअर्स सहसा दाखल केल्याच्या मागची तीनच वर्षं मिळतात, २००४ पासूनचे नाही. म्हणजे जितके महिने थांबाल तितके महिने मागून गळत जातात. उशीर माफ करायचा वेगळा अर्ज जोडायचा. अपील केलेलं नाही ना, मग आधी विभागाकडे अपील पाठवा, पोस्टाची पावती जपा, कारण विभागातले मार्ग वापरले का हे ट्रिब्युनल विचारतं.

आणि त्या ३० टक्केवाल्याचा फोन उचलू नका. निकालावर अवलंबून फी ठरवायला वकिलाला बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे, आणि तो वकील नसेल तर अजूनच लांब राहा. खर्चाची अडचण असेल तर मोफत कायदेशीर मदत मिळते, २०२५ च्या जुलैमध्ये नाल्साने, म्हणजे राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने, जवानांच्या आणि माजी सैनिकांच्या कुटुंबांसाठी वीर परिवार सहायता योजना पण सुरू केली आहे, ठाण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात आधी चौकशी करा.

ऐरोली_सेक्टर५
ताई, काका, सगळ्यांचे खूप आभार. काल रविवार होता म्हणून माळ्यावरची वडिलांची काळी ट्रंक खाली काढली, पांढऱ्या रंगात नाव आणि नंबर अजून दिसतो त्यावर. वडील आधी म्हणाले कशाला उकरतोस, मग स्वतःच खाली बसले. बोर्डाची तीन पानं मिळाली, सगळी नाहीत. कारणाच्या रकान्यात खरंच एवढंच आहे, पीस स्टेशनला सुरुवात, लढाई किंवा अति उंचीच्या सेवेशी संबंध नाही. गाडी चालवण्याबद्दल काहीच नाही.

आणि ताई तुम्ही म्हणालात तशी केस शीट, २००१ ची, एक पान फाटलंय पण हिस्टरीची ओळ वाचता येते. त्यात लिहिलंय की दोन वर्षांपासून कंबरदुखी, डोंगराळ भागात जड वाहन चालवत असताना सुरुवात. वडील १९९७ ते १९९९ श्रीनगर-लेह रोडवर कॉन्व्हॉयला होते, कारगिल चालू असताना पण तिथेच, जोझिलातून सामान वर न्यायचे. मी विचारलं की मग तेव्हाच सिक रिपोर्ट का नाही केलात, तर म्हणाले गाड्या चालवायला माणसं कमी होती, एमआय रूममधून, म्हणजे युनिटच्या दवाखान्यातून गोळी घ्यायचो आणि परत स्टिअरिंगवर. पीसला आल्यावर पाय बधिर व्हायला लागला तेव्हा दाखवलं. म्हणजे जिथे दुखायला लागलं तिथे दाखवलं नाही आणि जिथे दाखवलं तेच ठिकाण कागदावर आलं. हे सगळं मला काल पहिल्यांदा कळलं, इतकी वर्षं एका घरात राहून.

खारघर_वकील
ही ओळ फार मोलाची आहे. बोर्डासमोर ही केस शीट असूनही त्यांनी तिचा विचार केला नाही, हाच मुद्दा अपिलात सगळ्यात वर घ्या, आधी ही ओळ आणि मग निकालांची नावं. आरटीआयमध्ये १९९७ ते १९९९ च्या पोस्टिंगची नोंद पण मागा, म्हणजे केस शीट आणि सर्व्हिस रेकॉर्ड एकमेकांना जुळतील. एक अजून, ट्रिब्युनल कधी कधी नवीन मेडिकल बोर्ड बसवायला सांगतं, तेव्हा वडिलांना परत डॉक्टरांसमोर जावं लागेल, त्याची मनाची तयारी आत्ताच करून ठेवा. आणि मंजूर होईलच असं मी म्हणत नाही, पण दाखल करण्यासारखी केस नक्की आहे.

घोडबंदरवाला
मामांच्या कागदात अशी ओळ असती तर. भाऊ, लवकर टाका.

रिटायर्ड_हवालदार_कळवा
बेटा, ते फाटलेलं पान आजच स्कॅन कर, दोन ठिकाणी ठेव, चिकटपट्टी लावू नको, नुसतं प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेव. ओरिजिनल कोणालाही द्यायचं नाही, सैनिक कार्यालयात पण झेरॉक्स द्यायची. माझं एक पान असंच एकाकडे राहिलं ते परत आलं नाही. शनिवारी मी मोकळा आहे, वडिलांना घेऊन कळव्याला ये, पोस्टिंगच्या तारखा आणि युनिट आम्ही दोघं बसून लिहून काढतो, एका फौजीला दुसऱ्यासमोर बरोबर आठवतं.

ऐरोली_सेक्टर५
काका, वडिलांना विचारलं, शुक्रवारी त्यांची नाईट आहे त्यामुळे शनिवारी सकाळी ड्युटी सुटल्यावर येतील, साडेनऊ चालेल का? जिने नसलेली जागा असेल तर बरं.

रिटायर्ड_हवालदार_कळवा
माझं घर तळमजल्यावरच आहे. साडेनऊला या, नाश्ता इथेच.