मदत हवी आहे: नॉरवुड ५ (टक्कल मोजायच्या श्रेणीतली पाचवी पायरी), एकाच बैठकीत ३,५०० ग्राफ्ट घ्यावेत का?

धाकट्या भावाचं (वय २७) हेअर ट्रान्सप्लांट ठरतंय, पद्धत एफयूई (केसांची मुळं एकेक सुटी काढून लावायची). क्लिनिक म्हणतंय, कपाळापासून भोवऱ्यापर्यंत ३,५०० ग्राफ्ट (मुळासकट काढलेले केसांचे बारीक पुंजके) एकाच दिवसात बसवू. हिशेब जुळत नाही. टक्कल साधारण १५० चौ. सेंमी. दर चौ. सेंमीला ३५ धरले तरी सव्वापाच हजार लागतात. ३,५०० सगळीकडे पसरले तर जेमतेम २३ पडतात. केस ओले झाले की टाळू दिसणारच. शिवाय मागच्या डोनर भागातून काढलेलं मूळ तिथे परत उगवत नाही. या वयात गळती थांबलेली नसते, म्हणजे पुढच्या बैठकीसाठी साठा राखायला नको का?

बसवलेले केस दोन ते सहा आठवड्यांत गळतात, तिसऱ्या-चौथ्या महिन्यात उगवायला लागतात, निकालाला वर्ष जातं, हे ठाऊक आहे. प्रश्न वेगळे आहेत.

आत्ता फक्त पुढचा भाग २,००० ग्राफ्टमध्ये करून भोवरा वर्षभर फिनास्टेराइड १ मिग्रॅ. आणि मिनॉक्सिडिल ५ टक्क्यांवर ठेवला, असं कुणी केलंय का? (औषधं अर्थात डॉक्टरांना विचारूनच.)

पंच (मूळ काढायचं बारीक गोल पातं) केसाच्या कोनात गेला नाही तर मूळच कापलं जातं. असे किती ग्राफ्ट वाया गेले, याचा आकडा क्लिनिक लेखी देतं का? आणि पंच डॉक्टर मारणार की टेक्निशियन, यावर गोलमोल उत्तर मिळालं तर तुम्ही ॲडव्हान्स भराल का?