मदत हवी आहे : खानापूर तालुक्यातल्या गावात मुलांसाठी संध्याकाळची अभ्यासिका सुरू करायची आहे

नमस्कार मंडळी,

मी मूळचा कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यात असलेल्या खानापूर तालुक्यातला, जांबोटीच्या पुढच्या जंगलपट्ट्यातल्या एका लहान गावचा. नोकरी बेळगावात, उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका मशीन शॉपमध्ये. सुट्टीला गावी जातो. गावातले आम्ही चार-पाच जण मिळून मुलांसाठी संध्याकाळची अभ्यासिका सुरू करायच्या विचारात आहोत. असं काम ज्यांनी स्वतः केलंय किंवा जवळून बघितलंय, त्यांचा सल्ला हवा आहे.

आधी अडचण काय आहे ते सांगतो. गावची सरकारी मराठी शाळा सातवीपर्यंत आहे. पुढं हायस्कूलसाठी मुलं लांब जातात आणि तिथं पहिल्या वर्षातच बरीच मुलं मागं पडतात. मुख्य कारण कन्नड. परवा पुतण्याचं कन्नडचं पुस्तक चाळत होतो. प्रत्येक ओळीच्या वर पेन्सिलीनं, बारीक अक्षरात, तीच ओळ देवनागरीत लिहिलेली. गुरुजी वाचून दाखवतात, हा ऐकून उतरवून घेतो. धडा विचारला की घडाघडा म्हणतो. वरची ओळ बोटानं झाकली की तिथंच थांबतो. शेजारच्या दोन मुलांची पुस्तकं मागवून बघितली, तर त्यातही तेच.

मराठी शाळा नको असं मला अजिबात म्हणायचं नाही. मी त्याच शाळेत शिकलो आणि मुलांची मराठी पक्की झालीच पाहिजे, त्यात तडजोड नाही. पण जमिनीच्या उताऱ्यापासून नोकरीच्या अर्जापर्यंत सगळं कन्नडमध्ये असताना आमच्या मुलांना ते वाचता येऊ नये, हे मला बघवत नाही. सीमाप्रश्नाचं मत ज्याचं त्याच्यापाशी राहू दे, मुलाला दोन्ही लिप्या आल्या तर त्याचं भलंच आहे. घरी शिकवणारं कुणी नाही. आई-वडील शेतात, नाहीतर गोव्याला कामाला. शिकवणी लावायची तर खानापूर गाठावं लागतं.

वह्यावाटपाचा विषय मंडळाच्या बैठकीत निघाला होता. शाळेतल्या बाईंनीच सांगितलं की जूनमध्ये वह्या येतात हो, कुणी ना कुणी देतंच, संध्याकाळी मुलांजवळ बसायला माणूस मिळत नाही. म्हणून आम्ही ठरवलंय की मुलांजवळ रोज दीड तास बसणारं माणूस उभं करायचं, बाकीचं मागाहून बघू.

उमेद कुठून घ्यायची म्हणून थोडं वाचलं. कर्मवीर भाऊराव पाटलांचं काम सगळ्यात जवळचं वाटलं. माणूस आमच्याच भागातला, जन्म हातकणंगले तालुक्यातल्या कुंभोजचा. १९१९ साली काले गावी रयत शिक्षण संस्था काढण्याआधी ते किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव फिरलेले. (त्या किर्लोस्करांचा उद्योगही १८८८ साली बेळगावातल्या सायकलच्या दुकानापासूनच सुरू झाला. आम्हा उद्यमबागवाल्यांना याचा फार अभिमान.) भाऊरावांचा मुष्टिफंड मला विशेष पटला. घरातल्या बाईनं दळणाआधी किंवा स्वयंपाकाआधी मूठभर धान्य बाजूला काढायचं आणि त्यावर वसतिगृहातली मुलं जेवायची. देणाऱ्याला जड नाही आणि प्रत्येक घराला वाटतं की मुलं आपली आहेत. बेळगावातच बघायचं तर १९१६ साली सात शिक्षकांनी एका शाळेपासून केएलई (कर्नाटक लिंगायत एज्युकेशन) ही शिक्षणसंस्था सुरू केली. आज तिचा पसारा सगळ्यांसमोर आहे. आम्हाला पसारा नको, पण सात माणसं एकमेकांना धरून राहिली की काय होतं ते कळतं.

मुष्टिफंडावरून एक कल्पना सुचली आहे. सुगीला घरटी एक पायली भात गोळा करायचं, मापून, वहीत नोंद करून, आणि विकून आलेल्या पैशातून शिकवणाऱ्या ताईंचं मानधन भागवायचं. गावात बारावी झालेली एक सून आहे, तिचं माहेर कन्नड भागातलं, दोन्ही भाषा सफाईनं बोलते, शिकवायची हौस आहे. तिच्या सासूबाईही तयार आहेत. फुकट मात्र करून घ्यायचं नाही, यावर आमचं सगळ्यांचं एकमत आहे. फुकटचं काम भात लावणीच्या दिवसांत सगळ्यात आधी बंद पडतं, आणि मुलांची सवय एकदा मोडली की पुन्हा बसवणं कठीण. असं धान्यरूपानं वर्षाचं मानधन कुणी चालवलंय का? भाव पडला की काय करता? वर्षाच्या मधेच पैसे संपले तर?

साहित्याबद्दल थोडी शोधाशोध झाली आहे, ती इथं देतो, दुसऱ्या कुणाला उपयोगी पडेल. ‘प्रथम’ या शिक्षणात काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्थेची पद्धत अशी की मुलांना इयत्तेप्रमाणे न बसवता वाचता किती येतं त्याप्रमाणे बसवायचं : अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. त्यांच्या ‘असर’ (मुलांना वाचता किती येतं ते बघणाऱ्या) पाहणीचा एका पानाचा वाचन-तक्ता मराठीत आणि कन्नडमध्येही फुकट मिळतो, एका मुलाला काही मिनिटं पुरतात. म्हणजे सातवीतलं पोर कन्नडमध्ये अक्षरावर अडलं असेल तर त्याला तिथूनच घ्यायचं, धड्यावरून नाही. दुसरं म्हणजे प्रथम बुक्सची स्टोरीवीव्हर ही मुलांच्या गोष्टींची वेबसाइट, २०१५ पासून सुरू आहे. तिथल्या गोष्टी उतरवून घेऊन छापायला परवानगी लागत नाही. एकच गोष्ट, तीच चित्रं, मराठीतही मिळते आणि कन्नडमध्येही. दोन्ही समोरासमोर ठेवून वाचायला द्यायचा विचार आहे. गोष्ट मराठीत कळलेली असली की कन्नड अक्षरांची भीती कमी होईल असं मला वाटतं. ज्यांनी करून बघितलंय त्यांनी हे बरोबर आहे का ते सांगावं.

जागा विठ्ठल मंदिराचा सभामंडप. पंचांनी हो म्हटलंय, अट एवढीच की भजनाच्या आधी मोकळा करून द्यायचा. पावसाळ्यात आमच्याकडं लाईट तासन् तास नसते, त्यामुळं चार्जिंगचे दिवे घ्यावे लागतील. खरी काळजी गवळीवाड्यावरच्या मुलांची आहे. वाट जंगलातली, गवे आणि अस्वलं दिसतात, अंधार पडल्यावर पोरांना एकटं सोडता येत नाही. त्यांना शाळा सुटल्यावर लगेच बसवायचं की आठवड्यातून दोनदा ताईंनीच वाड्यावर जायचं, हे ठरत नाहीये. आणि मुलींच्या घरच्यांची पहिली अट ही की सभामंडपात एक तरी बाईमाणूस शेवटपर्यंत थांबलं पाहिजे. अट अगदी योग्य आहे, म्हणून महिला मंडळातल्या दोघींची आळीपाळीनं सोय लावतोय.

आता नोंदणीचं. कर्नाटकात १९६० च्या कायद्याखाली सोसायटी काढायची तर निदान सात सभासद लागतात. ट्रस्ट केला तर सब-रजिस्ट्रारकडं दस्त नोंदवायचा. पुण्या-मुंबईतले गाववाले म्हणतात, ८०जी (देणगीदाराला प्राप्तिकरात सूट मिळवून देणारी मान्यता) काढा, मग आम्ही देतो. (रोखीनं दोन हजारांच्या वर दिलं तर त्यांना सूट मिळत नाही, हेही एका ओळखीच्या सीएंनी बजावलं.) माझं मत असं की पहिलं वर्ष नोंदणीच्या भानगडीत पडू नये. वही चोख ठेवावी, दर महिन्याला हिशेब मंदिरात फळ्यावर लिहावा, काम टिकलं तर मग संस्था. सोबतच्या दोघांना हे पटत नाही, ते म्हणतात पैशाचा विषय आहे, कागद आधी हवा. बेळगाव, निपाणी, खानापूरकडं कुणी असं काम नोंदणीशिवाय सुरू केलं असेल तर किती दिवस चाललं आणि नोंदणीची गरज नेमकी कधी पडली? बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिसला आणि पंचायतीच्या पीडीओंना (पंचायत विकास अधिकारी) आधी पत्र द्यावं का? शाळेच्या एसडीएमसीतले (शाळा विकास व देखरेख समिती) दोघं आमच्यासोबत आहेत, त्यांच्यामार्फत गेलेलं बरं की थेट?

जुने कपडे, खेळणी, संगणक द्यायला लोक तयार आहेत. मन मोठं आहे त्यांचं, पण सध्या ते ठेवायला जागा नाही आणि वापरणारंही कुणी नाही. द्यायचंच असेल तर कन्नड-मराठी चित्रकोश, पाट्या, चार्जिंगचे दिवे. आणि त्याहून जास्त, तुमचा अनुभव.

मराठी मुलांना कन्नड शिकवलेले कुणी शिक्षक हे वाचत असतील, निवृत्त असले तरी चालेल, तर त्यांनी एवढं जरूर सांगावं : पहिल्या दोन महिन्यांत रोजच्या दीड तासापैकी कन्नडला किती वेळ द्यावा, आणि सुरुवात अक्षरांपासून करावी की बोलण्यापासून? शाळा उघडायच्या आत ताईंच्या हातात महिन्याचा आराखडा द्यायचा आहे. सुट्टीच्या दिवशी कुणी गावी येऊन ताईंजवळ तासभर बसणार असेल, तर बेळगावहून न्यायची-आणायची आणि जेवणाची सोय माझ्याकडं.