उत्तर: पाच तारे म्हणजे डोळे झाकून घ्या?

फ्रिजसारखं यंत्र घेताना वीजबचतीच्या लेबलवर 'पाच तारे दिसले की बाकी काही बघू नका' असं या चर्चेत वर कुणीतरी लिहिलंय, ते मला अर्धंच पटतं. तारे त्याच प्रकारच्या आणि साधारण त्याच आकाराच्या यंत्रांशी तुलना करून दिलेले असतात. त्यामुळे पाच तारे असलेला मोठा फ्रिज तीन तारेवाल्या छोट्या फ्रिजपेक्षा जास्त वीज खाऊ शकतो. ताऱ्यांखाली वर्षाला किती युनिट लागतात तो आकडा छापलेला असतो, खरी तुलना त्याची करावी. शिवाय लेबल कोणत्या वर्षाचं आहे तेही बघा. निकष कडक होत जातात, तेव्हा जुने पाच आणि नवे पाच सारखे नसतात. युरोपात ताऱ्यांऐवजी अक्षरांचे वर्ग असतात, तिथे तर वरचे वर्ग इतके गर्दीचे झाले की २०२१ मध्ये 'ए प्लस प्लस प्लस' वगैरे काढून पुन्हा सरळ 'ए' ते 'जी' अशी पट्टी आणावी लागली.

आणखी एक, जे इथे कुणी लिहिलं नाही. आमच्या फ्रिजच्या लेबलवर वर्षाला २१९ युनिट, म्हणजे दिवसाला ०.६. प्लगमध्ये लावायचा छोटा मीटर आठवडाभर लावून पाहिला, तर रोजचे ०.८ निघाले. फ्रिज भिंतीला चिकटलेला होता आणि दाराच्या रबरात कागद धरला की अलगद निसटून येत होता. फ्रिज चार बोटं पुढे ओढला, रबर बदललं, आकडा ०.६५ वर आला. नवीन घ्यायच्या आधी जुन्याचं हे एवढं तरी नक्की तपासा.