प्रतिसाद: दम लागतोय तो प्रत्येक वेळी लाँग कोविडच असेल असं नाही

विरारच्या ताईंनी लिहिलंय की कोविड होऊन गेला, तरी डायलिसिसवरच्या बाबांना लोकलचा जिना चढताना धाप लागते. लाँग कोविड (कोविड बरा झाल्यावरही रेंगाळणारा त्रास) असेलही, पण आधी 'ड्राय वेट', म्हणजे अंगातलं जादा पाणी काढल्यावरचं वजन, तपासून घ्या. आजारपणात अंगावरचं मांस झडतं. डायलिसिसच्या मशीनवर मात्र जुनंच वजन धरलेलं असतं, म्हणजे मधला फरक पाण्याने भरून निघतो. काट्यावर सगळं ठीक दिसतं आणि पाणी छातीत साठतं! आडवं झाल्यावर दम वाढत असेल तर शंका आणखी बळावते; पुढच्या डायलिसिसची वाट न पाहता लगेच नेफ्रॉलॉजिस्टना (किडनीच्या डॉक्टरांना) गाठा. टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) करायचा का, तेही विचारा. हिमोग्लोबिनही पाहा, ते कमी असलं तरी धाप लागते. शरीरात दाह (सूज) असेपर्यंत हिमोग्लोबिन वाढवणारं एरिथ्रोपोएटिनचं इंजेक्शन नीट लागू पडत नाही.