जुन्या इंजिनाचे व्हॉल्व्ह कुठे मिळतील? सोमवारच्या आत हवेत (खानापूर)

खानापूर_भात · शुक्रवार, रात्री ९.४०
नमस्कार मंडळी. आमच्या बंद पडलेल्या भात गिरणीत एक जुनं चार सिलेंडरचं पेट्रोल इंजिन आहे. आजोबांनी कुठल्याशा गाडीचं काढून गिरणीला बसवलेलं. हेड, म्हणजे वरचं झाकण, उघडलं तर आत एकही व्हॉल्व्ह (हवा आत आणि धूर बाहेर सोडणारी झडप) नाही. शेड पंधरा-वीस वर्षं उघडीच होती, कुणीतरी काढून नेले असणार. मेस्त्री म्हणतात व्हॉल्व्ह आणून द्या, बाकीचं मी बघतो. सोमवारी ब्लॉक (सिलेंडर असतात ते इंजिनाचं धड) बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या वस्तीत, द्यायचा आहे. पुढच्या महिन्यात वडिलांची पंचाहत्तरी आहे, त्यांना ते इंजिन एकदा चालू झालेलं बघायचंय. काका शेड पाडायच्या घाईत आहेत, भंगारवाला येऊन वजनाचा अंदाज घेऊन गेला. बेळगाव, कोल्हापूर, हुबळी कुठलंही दुकान चालेल. इतिहास नंतर बघू, आधी दुकान सांगा.

जीपवाला_निपाणी · रात्री ९.५८
कुठल्या गाडीचं इंजिन ते तर सांगा. व्हॉल्व्ह काय किलोवर मिळतात होय?

खानापूर_भात · रात्री १०.०५
ते माहीत असतं तर विचारलं असतं का. बाजूला पितळी पट्टी आहे, अर्धी पुसलेली. इंग्रजीत विलीज आणि खाली टोलेडो एवढं वाचता येतं.

जीपवाला_निपाणी · रात्री १०.११
मग संपलं की! विलीज म्हणजे जीप, टोलेडो म्हणजे अमेरिकेतलं त्यांच्या कारखान्याचं गाव. माझ्याकडे दोन आहेत, तीस वर्षं हेच करालोय. युद्धातल्या जीपचं गो-डेव्हिल इंजिन, १३४ घन इंच, ६० घोडे. आपल्याकडे महिंद्राने याच जीपा जोडायला घेतल्या. आणि दादा, व्हॉल्व्ह चोरीला गेलेले नाहीत. ते साईड व्हॉल्व्ह इंजिन आहे, हेडमध्ये व्हॉल्व्ह नसतातच, ब्लॉकमध्ये सिलेंडरच्या शेजारी असतात. हेड म्हणजे नुसतं झाकण. पार्ट कोल्हापुरात मिळतील.

खानापूर_भात · रात्री १०.२०
ब्लॉकमध्ये पण नाहीत. सिलेंडरच्या शेजारी भोकं नाहीत, व्हॉल्व्ह टेकायच्या सीट नाहीत, काही नाही.

जीपवाला_निपाणी · रात्री १०.२४
असं होऊच शकत नाही. काजळी साचली असेल. घासून बघा.

तीन_फेज · रात्री १०.४१
साडेसात एचपीची मोटर लावा, विषय संपवा. आमच्या गिरणीला बारा वर्षं झाली, पेट्रोल नाही, धूर नाही. सबसिडीचं काय ते तालुक्याला चौकशी करा.

खानापूर_भात · रात्री १०.४४
गिरणी चालवायची नाहीये. गिरणी बंद आहे. इंजिन चालवायचंय.

शहापूरचा_सुताळ · रात्री ११.१०
जीप कशी असेल? आजोबांच्या वेळचं म्हणालेत ना. आमच्या भागात त्या काळी फोर्डच्या मॉडेल टी जास्त. १९०८ ते १९२७, दीड कोटी गाड्या निघाल्या. चार सिलेंडर, २.९ लिटर, २० घोडे. अमेरिकेत शेतकरी मागचं चाक उचलून त्यावर पट्टा लावून मळणी करायचे. पट्टी दुसऱ्या कसली तरी मारली असेल.

जीपवाला_निपाणी · रात्री ११.१५
पट्टीवर टोलेडो लिहिलंय आणि तुम्ही फोर्डच्या डेट्रॉइटला निघालात. फोर्डचा मॅग्नेटो (ठिणगीची वीज करणारा) फ्लायव्हीलवर, म्हणजे इंजिनाच्या जड चाकावर असतो, पाण्याचा पंप नसतो. आधी ते विचारा, मग बोला.

आंबोली_घाट · शनिवार, सकाळी ६.३५
हे वाचून बरं वाटलं. लढाईच्या काळात पेट्रोल रेशनवर होतं तेव्हा बसगाड्यांना मागे कोळशाच्या गॅसचा बंब लावायचे. वडील सांगायचे, चढावर माणसं उतरून चालायची. मोटारीची इंजिनं मग शेतात, गिरणीत, पाणी उपसायला गेली. यांचंही तसंच असेल. बेळगावात यंत्राचं वेड जुनं आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली सायकल दुरुस्तीचं दुकान इथेच काढलं, लोखंडी नांगर इथे केला, जागा सोडावी लागली म्हणून १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली. नाहीतर ती वाडी आज टिळकवाडीच्या शेजारी असती.

कोल्हापुरी_दसरा · सकाळी ७.२०
जुन्या गाड्या म्हटलं की आमच्या छत्रपतींची मेबॅक. दसऱ्याला बाहेर काढतात तेव्हा बघायला या. मेबॅक घराण्याने आधी झेपेलिन हवाई जहाजांची इंजिनं केली, मग मोटारी. आणि जिल्ह्याचं नाव कुणी काही लिहो, आम्ही बेळगावच म्हणणार.

शहापूरचा_सुताळ · सकाळी ७.३१
धाग्यात कुणी दुसरं म्हटलंय का?

नोंदणी_मार्गदर्शन · सकाळी ८.०२
महत्त्वाची माहिती. २०२१ च्या नियमानुसार पन्नास वर्षांपेक्षा जुनी, मूळ स्वरूपातली गाडी व्हिंटेज धरतात. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, पुढच्या नूतनीकरणाला पाच हजार, नंबरात व्हीए ही अक्षरं येतात. अर्ज वेळेत करा.

खानापूर_भात · सकाळी ८.१०
गाडीच नाही. इंजिन आहे. एका लाकडी चौकटीवर बोल्टने आवळलेलं. कुणी दुकान सांगणार आहे का?

रिटायर्ड_फिटर · सकाळी ९.१५
मी उद्यमबागेत अडतीस वर्षं काम केलं. दुकान सांगण्याआधी तीन गोष्टी विचारतो, चिडू नका. एक, व्हर्निअरने सिलेंडरचा आतला व्यास मोजा, टेपने नको. दोन, हेड एकसंध सपाट आहे की प्रत्येक सिलेंडरला वेगळं? तीन, मेस्त्रींना ब्लॉकचं नक्की काय करून घ्यायचंय?

खानापूर_भात · सकाळी १०.५०
शेजारच्या वर्कशॉपमधून व्हर्निअर आणला. वरच्या बाजूला ९२.३ मिलिमीटर आहे. हेड चार वेगळे आहेत, टोपी उलटी ठेवावी तसे आत बुडणारे, प्रत्येकाला खाली एक रुंद रिंग. प्लग टोपीच्या मधोमध. ब्लॉकचं म्हणाल तर मेस्त्री म्हणतात चारही सिलेंडर फुटलेत, भिंतीला लांबट खिडक्या पडल्यात. जुने लायनर (सिलेंडरच्या आतलं नळीसारखं अस्तर) ठोकून काढायचे आणि नवे प्रेसने बसवायचे. लायनर दुहेरी आहेत, एकात एक. असं त्यांनी कधी बघितलं नाही म्हणे.

रिटायर्ड_फिटर · सकाळी १०.५८
सोमवारचं काम थांबवा. आत्ता फोन करा मेस्त्रींना, मग पुढचं वाचा.

त्या खिडक्या फुटलेल्या नाहीत, त्या कापलेल्या आहेत. ते लायनर नाहीत, तेच तुमचे व्हॉल्व्ह आहेत.

जीपवाला_निपाणी · सकाळी ११.०६
काय बोलालाय काका? नीट सांगा की.

रिटायर्ड_फिटर · सकाळी ११.४०
आधी माप. जीपच्या सिलेंडरचा व्यास सव्वातीन इंचापेक्षाही कमी, ७९ मिलिमीटरच्या आसपास. मॉडेल टीचा पावणेचार इंच, म्हणजे ९५. यांचा ९२.३. साडेतीन इंच आणि वर एक अष्टमांश धरला तर ९२.१ येतो, उरलेली झीज. या मापाचं, टोलेडोचं, चार सिलेंडरचं आणि व्हॉल्व्ह नसलेलं इंजिन म्हणजे विलीज-नाइट. १९२० च्या दशकाच्या पहिल्या निम्म्यातलं. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली चाल, साडेचार इंच भरला पाहिजे, तोही मोजा.

अमेरिकेत चार्ल्स येल नाइट नावाचे गृहस्थ होते. त्या काळच्या मोटारीत व्हॉल्व्हची टकटक फार, त्याचा त्यांना वैताग. त्यांनी व्हॉल्व्हच काढून टाकले. पिस्टन आणि सिलेंडर यांच्यामध्ये बिडाच्या दोन पातळ नळ्या घातल्या, एकात एक. त्यांना स्लीव्ह म्हणतात. दोन्हींना खिडक्या. क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या) निम्म्या वेगाने फिरणारा एक एक्सेंट्रिक शाफ्ट, म्हणजे मध्य सोडून बसवलेल्या चकत्यांचा दांडा, या नळ्या वरखाली करतो. दोन्ही नळ्यांच्या खिडक्या ब्लॉकच्या तोंडासमोर आल्या की पेट्रोलची हवा आत, पुढच्या फेरीत दुसऱ्या बाजूच्या खिडक्या जुळल्या की धूर बाहेर. स्प्रिंग नाही, व्हॉल्व्ह ढकलणारे टॅपेट नाहीत, आपटणारं काहीच नाही. आत बुडणारं हेड आणि त्याची रुंद रिंग यासाठीच, स्फोटाच्या वेळी खिडक्या त्या रिंगच्या वर जाऊन झाकल्या जातात.

१९०९ च्या मॉडेलपासून इंग्लंडच्या डेमलरने हे इंजिन घेतलं, राजघराण्याच्या गाड्यांत ते होतं. बेल्जियमची मिनर्व्हा, फ्रान्सची पानार आणि व्वाझां यांनीही घेतलं. ती सगळी श्रीमंतांची खेळणी. साध्या माणसाच्या आवाक्यात ते आणलं विलीजने, आणि नाइटची इंजिनं सगळ्यात जास्त त्यांनीच केली. १९३३ मध्ये विलीज कंपनी दिवाळखोरीत गेली आणि त्यांचं नाइट संपलं.

खानापूरकर, ब्लॉकच्या बाजूचं झाकण उघडलंत का? आत छोटे कनेक्टिंग रॉड असले पाहिजेत. चार सिलेंडर, दोन-दोन नळ्या, म्हणजे आठ.

खानापूर_भात · दुपारी १२.२५
आठ आहेत. मोजले. मेस्त्री म्हणाले होते हे कॉम्प्रेसरचे असतील, काढून टाकू. स्ट्रोक ११४ आला. फोन केलाय, ब्लॉक कुठेही जाणार नाही.

एक सांगायचं राहिलं, मला ते महत्त्वाचं वाटलं नव्हतं. आजी सांगायची, गिरणी चालू आहे की बंद हे कानाने कळायचं नाही, पट्टा बघावा लागायचा. आणि धूर निळा यायचा, वाळत घातलेल्या कपड्यांना वास लागायचा म्हणून ती भांडायची.

रिटायर्ड_फिटर · दुपारी १२.३३
आजींनी जे सांगितलं ते पहिल्या पोस्टमध्ये लिहिलं असतंत तर मी रात्रीच ओळखलं असतं. आवाज नाही आणि निळा धूर, हीच याची खूण. दोन नळ्यांच्या मध्ये तेलाचा थर लागतो, ते तेल थोडं थोडं जळतच राहतं. शेवटी या इंजिनाला त्यानेच मारलं. तेल खातं, करायला महाग, आणि तोपर्यंत साध्या व्हॉल्व्हचं पोलाद सुधारलं, त्यांचाही आवाज कमी झाला.

जीपवाला_निपाणी · दुपारी १.०५
काका मान्य. टोलेडो वाचलं आणि मी जीपच धरून बसलो. पण एक सांगतो, जीपचं इंजिनपण याच कारखान्याच्या व्हिपेट गाडीच्या इंजिनावरून आलंय. नातं आहे.

शहापूरचा_सुताळ · दुपारी १.२०
स्लीव्ह व्हॉल्व्ह तर युद्धातल्या विमानांत होते. ब्रिस्टल हर्क्युलिस. मग हे तंत्र संपलं कसं म्हणता?

रिटायर्ड_फिटर · दुपारी १.४४
ते वेगळं. त्यात एकच नळी, ती वरखाली होताना थोडी गोलही फिरते. नाइटच्या दोन, सरळ वरखाली. नाव एक, वंश दोन.

तीन_फेज · दुपारी २.१०
एवढं सगळं करून तेल खाणारंच इंजिन ना? मोटरला महिन्याला ग्रीसपण लागत नाही.

खानापूर_भात · दुपारी २.१८
काकांना (माझ्या) धागा दाखवला. भंगारवाल्याला नको म्हणून सांगितलंय त्यांनी, शेडचं दिवाळीनंतर बघू म्हणाले. फिटर काका, आता पुढे काय करू? फ्लायव्हील जाम आहे. मेस्त्री मोठी पहार लावून हलवू म्हणतात.

रिटायर्ड_फिटर · दुपारी ३.०२
पहार नको. या इंजिनात जाम झालेली गोष्ट एक नसते. पिस्टन आतल्या नळीत अडकलेला असेल, आतली बाहेरच्या नळीत, बाहेरची ब्लॉकमध्ये. तुम्ही फ्लायव्हील जोराने फिरवलंत तर क्रँक फिरेल, छोटा रॉड नळीला ओढेल आणि नळीचा खालचा कान तुटेल. तो कान तुटला की नवी नळी बिडात ओतून घ्यावी लागेल.

असं करा. चारही टोप्या काढलेल्या राहू द्या. प्रत्येक सिलेंडरमध्ये डिझेल आणि पातळ गिअर ऑइल निम्मं निम्मं ओता, खिडक्यांच्या वरपर्यंत भरेल इतकं. खिडक्यांतून मॅनिफोल्डच्या (हवा-धुराच्या नळाच्या) तोंडाने गळेल, तिथे रबर लावून बंद करा. रोज बघा, उतरलं की भरा. आठवडा जाऊ दे, दोन जाऊ देत. मग फ्लायव्हीलवर दोन हातांनी, फक्त हातांनी, पुढे-मागे. हातोडा घेऊन कुणी आलं तर त्याला चहा द्या आणि परत पाठवा.

पंचाहत्तरीला चालू होईल असं मी सांगत नाही. फिरताना दाखवता आलं तरी पुष्कळ.

आंबोली_घाट · दुपारी ३.३०
वडिलांना विचारा, गाडी कुणाची होती? इंजिन आलं म्हणजे बॉडी कुठेतरी गेली असेल. कौलांच्या खाली दाराच्या फळ्या, मडगार्डचा पत्रा, काहीतरी सापडतं.

खानापूर_भात · शनिवार, रात्री ९.१५
विचारलं. गाडी आजोबांनी बघितलीच नव्हती, इंजिन बैलगाडीतून आलं एवढंच बाबांना आठवतं. पण गोठ्यात गुरांना पाणी द्यायचं पत्र्याचं एक लांबट टाकं आहे, एका बाजूला गोल वळवलेलं. आज बॅटरी घेऊन बघितलं, खाली बिजागरीच्या जागा आहेत. बॉनेट असावं. फोटो उद्या टाकतो.

खानापूर_भात · पुढचा गुरुवार, रात्री ८.५०
पाचवा दिवस. दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलेंडरमधलं डिझेल उतरलं, पुन्हा भरलं. आज मी आणि बाबांनी मिळून फ्लायव्हीलला हात लावला. दोन बोटं हललं. बाबा तिथेच पोत्यावर बसून राहिले, जेवायला आले नाहीत अजून.

रिटायर्ड_फिटर · गुरुवार, रात्री ९.०४
हललं तेव्हा आठही छोटे रॉड हलले का? एखादा जरी जागेवर थांबला असेल तर पुन्हा हात लावू नका. बाजूचं झाकण उघडून, बॅटरी धरून एकेक बघा आणि मला कळवा. मी जागा आहे.