युरोपातली म्युझियम मुलांना इतका वेळ कशी धरून ठेवतात?

सातवीची_टीचर
नमस्कार, मी नागपुरात सातवीला विज्ञान शिकवते. सहलीला आम्ही मुलांना रमण विज्ञान केंद्र आणि अजब बंगला (इथलं जुन्या वस्तूंचं सरकारी म्युझियम) दोन्हीकडे नेतो. पहिल्या ठिकाणाहून पोरं निघायला तयार नसतात आणि दुसरीकडे जुन्या वस्तूंच्या कपाटांसमोरून सरळ चालत पुढे जातात, हे मला फार लागतं. युरोपात म्हणे विज्ञानाचंच नाही, अश्मयुगाचं म्युझियमसुद्धा मुलं तासन्‌तास बघतात. कोणी बघितलंय का, नेमकं काय करतात ते लोक? शाळेत काही करता येईल असं सांगा प्लीज.

म्युनिकवाला_भाऊ
मॅडम, मी नोकरीसाठी म्युनिकला होतो, तिथलं डॉइचेस म्युझियम बघितलंय. ऑस्कर फॉन मिलर नावाच्या इंजिनियरने 1903 मध्ये सुरू केलं आणि इझार नदीतल्या बेटावरची इमारत 1925 ला उघडली. त्याचा आग्रह होता की यंत्र नुसतं काचेमागे ठेवून भागत नाही, मधून कापून आतलं दिसलं पाहिजे आणि बघणाऱ्याने स्वतः दांडा फिरवून, बटण दाबून ते चालवलं पाहिजे. आज हे सगळीकडे दिसतं म्हणून आपल्याला साधं वाटतं, पण त्या काळी ही मोठी गोष्ट होती. पॅरिसमध्ये 1937 ला झां पेरँ या नोबेलवाल्या शास्त्रज्ञाने पॅले द ला देकुव्हेर्त काढलं, तिथे तर माणूस समोर उभा राहून प्रयोग करून दाखवतो. मला विचाराल तर बटणापेक्षा हा माणूस जास्त महत्त्वाचा.

सदरकर
शेवटच्या वाक्याशी एकदम सहमत, बटणांचं मात्र मला इतकं कौतुक वाटत नाही. मुलं बटण दाबतात, काहीतरी फिरतं, मुलं पुढच्या बटणाकडे पळतात, आधी मनात प्रश्न आला नसेल तर हातात काही उरत नाही. इतक्या जुन्या वस्तूंना तर हात लावू देता येत नाही, तरी इटलीत बोल्झानोच्या म्युझियममध्ये लोक रांग लावून एका छोट्या खिडकीतून आत डोकावतात. आत उणे 6 अंशांत ओट्झी ठेवलाय, आल्प्सच्या बर्फात 1991 ला सापडलेला सुमारे 5300 वर्षांपूर्वीचा माणूस. सुरुवातीला वाटलं हल्लीचाच कोणी गिर्यारोहक असेल, मग त्याची तांब्याची कुऱ्हाड बघून तज्ज्ञांना कळलं हा किती जुना ते, आणि 2001 मध्ये एक्सरेत डाव्या खांद्यात बाणाचं टोक दिसलं म्हणजे याला कोणीतरी मागून मारलं होतं. त्याची अस्वलाच्या कातड्याची टोपी आहे, पोटातलं शेवटचं जेवणसुद्धा तपासलं, रानबकऱ्याचं मांस आणि जुन्या जातीचा गहू. हे सगळं कशावरून कळलं ते पायरी पायरीने सांगतात, म्हणून बघणारा स्वतः तपास करायला लागतो. आपल्या कपाटात नुसतं लिहिलेलं असतं, दगडी कुऱ्हाड, अमुक काळ. पोरगं थांबेल कशाला?

आणि वस्तू खरीच पाहिजे असंही नाही. फ्रान्सची लास्को गुहा, तिच्या भिंतींवरची अश्मयुगातली चित्रं लोकांच्या श्वासाने खराब व्हायला लागली म्हणून 1963 ला बंद केली, आता 2016 पासून जवळच हुबेहूब बनवलेली गुहा बघायला लोक येतात.

काटोल_रोड
ताई, सगळे युरोपचं बोलून राहिले, पण आपल्या काटोल रोडवर जुनापाणीची शिळावर्तुळं आहेत ना! लोहयुगातल्या लोकांनी मेलेल्या माणसांसाठी रचलेली, काही दगडांवर वाटीसारखे खळगे कोरलेत, ते कशासाठी यावर अजून वाद चालू आहे. आपल्या नागपूरकडच्याच माहुरझरीला घोड्याच्या तोंडावर चढवायचे तांब्याचे दागिने सापडले, नायकुंडला लोखंड गाळायची भट्टी. आधी मुलांना वर्तुळ दाखवा आणि विचारा की इतके मोठे दगड कोणी, कसे आणले असतील, मग अजब बंगल्यात न्या.

सातवीची_टीचर
हे फार आवडलं, उलटा क्रम डोक्यातच आला नव्हता. पाटी झाकून ठेवायची आणि मुलांनीच वस्तू बघून अंदाज लिहायचा, मग पाटी उघडायची, असं करायचा विचार आहे. जुनापाणीला साठ मुलं नेली तर चालेल का?

काटोल_रोड
एका वेळी तीसच न्या, हिवाळ्यात सकाळी लवकर. सावली नाही, पाणी सोबत ठेवा. आणि दगडांवर चढू देऊ नका बिलकुल, खळगे कोरलेल्या दगडांवर तर खडूसुद्धा लावू देऊ नका.